कामाडोवरचे ब्रिस्केट खरोखर टेक्सासच्या तोडीचे होते का?

ओकप्रेमी:
परसात सिरॅमिकचा कामाडो, म्हणजे झाकणाची अंडाकृती कोळशाची भट्टी, असली की घरच्या घरी टेक्सासच्या तोडीचे ब्रिस्केट, म्हणजे धुरावर मंद शिजवलेले गुरांच्या छातीचे मांस, होते, असे इथल्या मराठी मित्रमंडळींकडून हल्ली सर्रास ऐकू येते. मला ते मान्य नाही. लॉकहार्ट, टेलर, ऑस्टिन या मध्य टेक्सासमधल्या गावांत मीठ-मिऱ्यांपलीकडे फारसा मसाला लावत नाहीत. सगळी मदार आगीवर असते. तिथल्या लोखंडी ऑफसेट स्मोकरच्या, म्हणजे आग आणि मांस वेगवेगळ्या कप्प्यांत असलेल्या भट्टीच्या, बाजूच्या पेटीत पोस्ट ओक या ओकच्या जातीची लाकडे ज्वाळेसह जळतात, त्यांना भरपूर हवा मिळते आणि पातळ, निळसर धूर मांसावरून वाहत राहतो. कामाडोत तापमान २२५ अंश फॅरनहाइटला रोखायचे तर खालची-वरची झडप जेमतेम फटीएवढी उघडी ठेवावी लागते. अपुऱ्या हवेत लाकूड जळत नाही, नुसते धुमसते, आणि चुलीत ओली फाटी घातल्यावर येतो तसा पांढरा, कडवट धूर मांसावर बसतो.

रात्रपाळी:
धुराबद्दलचे आपले निरीक्षण योग्य आहे, पण त्याचा दोष आपण सिरॅमिकच्या माथी मारत आहात. कोळसा पेटल्यावर लगेच मांस ठेवणाऱ्याला कडवट धूरच मिळणार. पांढरा धूर ओसरेपर्यंत तासभर थांबावे आणि लाकडाचे दोन-तीन मोठे तुकडे कोळशात पुरून ठेवावेत, म्हणजे ते एकदम न पेटता हळूहळू लागतात. राहिला मऊपणाचा प्रश्न. ब्रिस्केट हा गुरांच्या छातीचा, सतत राबणारा भाग असल्यामुळे त्यात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारे प्रथिन, भरपूर असते आणि त्याचे मऊ जिलेटिन होण्यासाठी लागते ती मंद आच आणि वेळ. ती आच लोखंडातून येते की सिरॅमिकमधून, याचे मांसाला सोयरसुतक नसते. शिवाय ऑफसेटमध्ये पाऊण-एक तासाने लाकूड घालत बसावे लागते, तर कामाडोत एकदा भरलेला लाकडी कोळसा रात्रभर पुरतो. ज्याला सोमवारी कामावर जायचे आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

ओकप्रेमी:
सोय आणि चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी चवीबद्दल बोलत होतो. वाहती हवा नसली की मांसाचा पृष्ठभाग नीट सुकत नाही आणि वरची काळी, खरपूस साल, म्हणजे बार्क, दमट राहते. कामाडोत ओलावा टिकतो हे विक्रेते कौतुकाने सांगतात, पण ब्रिस्केटच्या बाबतीत तेच कौतुक आड येते.

काठावरचा:
दोघांनीही आकाराचा विषय काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. नेहमीच्या मोठ्या कामाडोची जाळी अठरा इंचांची आणि गोल असते. तीवर बारा-चौदा पौंडांचे अख्खे ब्रिस्केट ठेवले की त्याची टोके खालच्या उष्णतारोधक तबकाच्या बाहेर येतात आणि कडेने वर चढणाऱ्या आचेत करपतात. फ्लॅटचे, म्हणजे ब्रिस्केटच्या सपाट, कमी चरबीच्या भागाचे, पातळ टोक आधीच छाटावे, किंवा मधोमध लाकडाचा तुकडा ठेवून मांस त्यावर कमानीसारखे टाकावे. शिजताना ते आकसते आणि मग जाळीवर मावते. तापमानाचीही एक गोम आहे. सिरॅमिक एकदा ३०० अंशांवर गेले की उतरायला फार वेळ घेते, म्हणून अपेक्षित तापमान येण्याआधीच झडपा आवळाव्या लागतात.

रात्रपाळी:
आकाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बार्कबाबत मात्र माझा आक्षेप कायम आहे. मांसाच्या आतले तापमान १५० ते १७० अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडते, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ त्याला थंड करत असते. या टप्प्यावर घाबरून फॉइलमध्ये गुंडाळणारेच आपली साल भिजवतात. ती गडद होऊन नखाने खरवडली तरी निघणार नाही इतकी पक्की होईपर्यंत थांबावे आणि मग फॉइलऐवजी बुचर पेपर, म्हणजे थोडी वाफ जाऊ देणारा जाड कागद, वापरावा.

नवशिका:
कापल्यावर कडेला गुलाबी वलय दिसले, म्हणजे धूर चांगला लागला, असे समजावे का? माझ्या कामाडोत ते हमखास दिसते.

ओकप्रेमी:
समजू नये. ते वलय ज्वलनातील नायट्रिक ऑक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडले गेल्यामुळे येते आणि त्याला स्वतःची चव नसते. फ्लॅटची पेन्सिलीच्या जाडीची फोड बोटावर आडवी टाकून पाहावी: ती न तुटता वाकली आणि हलक्या ओढीने सुटली, तर शिजणे जमले आहे. ही परीक्षा कामाडोवरचे ब्रिस्केटही उत्तीर्ण होईल, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार धुराची आहे आणि कोळशात पुरलेल्या दोन-तीन तुकड्यांनी ती मिटत नाही.