पर्यावरणाच्या फाइलीला २५ पैकी २३ मिळाले, म्हणजे त्याला नेमकं काय आलं?

वहीवाला (धागाकर्ता):
पदवीच्या मुलांना मी पर्यावरण शिकवतो. यंदा पहिल्यांदाच स्वतः दिलेले मार्क बघून लाज वाटली.

हा विषय सक्तीचा कसा झाला ते थोडक्यात. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला, तो बरीच वर्षं रेंगाळला, आणि २००३च्या सुमारास यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सगळ्या शाखांना एकच सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. ५० तास, त्यातले ५ क्षेत्रभेटीचे. १०० पैकी २५ मार्क त्या भेटीवर लिहिलेल्या फाइलीला. जवळची नदी, डोंगर, एखादी घाण झालेली जागा, आसपासचे पक्षी-किडे बघायचे आणि लिहायचं. नव्या शैक्षणिक धोरणात तो मूल्यवर्धित गटात गेला, मार्कांचे क्रेडिट (शिकवायच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक) झाले, फाइल मात्र तीच.

आमचं कॉलेज कृष्णाकाठचं. यंदाच्या गठ्ठ्यात अकरा जणांची क्षेत्रभेट पुण्याच्या मुळा-मुठेला! झेरॉक्सवाल्याकडे प्रोजेक्ट तयार मिळतो, नावापुरती जागा सोडलेली असते. बगळा सगळीकडे तोच, एका पायावर उभा. एकाने तर नावाची जागाही भरली नव्हती. त्या अकरांतल्या सगळ्यात नीटनेटक्या फाइलीला मी २५ पैकी २३ देऊन बसलो होतो.

त्याच गठ्ठ्यात शिरोळकडच्या एका पोराचं दीड पान होतं. "आमच्या रानात पांढरं फुटलंय. आजा म्हणतो पाणी कमी पाजाय पाहिजे होतं. पण पाण्याची पाळी आली की सगळेच पाजतात, आणि वरच्याचं पाणी आमच्यात उतरतं." पुढे किती रान पडून आहे ते पावलांनी मोजून लिहिलेलं. प्रस्तावना नाही, निष्कर्ष नाही, शुद्धलेखनाची बोंब. त्याला ११ दिले, वर 'मुद्देसूद नाही' असा शेरा.

जमीन क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक, का होते हे त्या तीन वाक्यांत आलंय हो! माझं मत: अशा सर्वांसाठीच्या विषयांचा लेखी पेपर आणि फाइल दोन्ही बंद करा. तोंडी घ्या. पाच मिनिटांत कळतं कोण कुठे जाऊन आलंय.

तासिकेवरचा_मास्तर:
सर, तुम्ही कायम आहात ना? मग बोला. माझ्याकडे एका वर्गात १८० पोरं. प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे ९०० मिनिटं, पंधरा तास. एक क्रेडिट शिकवायलाच पंधरा तास मिळतात! आणि तोंडीचे तास माझ्या बिलात कोण धरणार?

दुसरं, तोंडीत मार्क कुणाला पडतात? ज्याला बोलता येतं त्याला. तुमचं ते शिरोळचं पोरगं समोर बसलं तर "हो सर, नाही सर" एवढंच म्हणेल. लेखीत निदान नंबर असतो, तोंड दिसत नाही.

फोर्टची_फाइल:
मी मुंबई विद्यापीठातून बी. कॉम. फाउंडेशन कोर्स, म्हणजे एफसी, सक्तीचाच होता. आदल्या रात्री गाइड वाचायचं, तीन तास लिहायचं, संपलं. काय लिहिलं ते विचारू नका. त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत, पण अर्धवट. पेपर नसता तर ते गाइडसुद्धा उघडलं नसतं.

अण्णा_बेळगावकर:
मुळात मोजायचंच कशाला? पोराला नदीवर न्या, आणा, गुणपत्रिकेत 'पूर्ण केले' असा शिक्का मारा. विषय संस्कारासाठी आहे. संस्काराला कुठे मार्क असतात?

तासिकेवरचा_मास्तर:
अण्णा, एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, २०१८च्या आराखड्यात इंजिनिअरिंगला हा विषय सक्तीचा पण बिनक्रेडिटचा केला होता. मी तिथेही तास घेतले. पहिल्या बाकावर दोघं, त्यातला एक मेकॅनिक्सची असाइनमेंट उतरवत. मार्क नाहीत म्हटल्यावर पोरं तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

गणितवाली_मावशी:
इथे दोन प्रश्नांची खिचडी झालीय. अमक्याला किती मार्क द्यायचे हा एक. या कोर्समधून मुलं काही शिकतात का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर शोधायला १८० जणांना गाठायची गरजच नाही. चिठ्ठ्या टाकून वीस फाइली काढा, नावं झाका, दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासा. निकष तीनच: स्वतः पाहिलेलं आहे का, कारण सांगितलंय का, काही मोजलंय का. प्रस्तावना-निष्कर्षाला शून्य. दोघांचे मार्क फार वेगळे आले तर आधी निकष दुरुस्त करा, मग मुलांकडे वळा.

शिवाय एकच प्रश्न जूनमध्ये विचारा आणि सत्र संपताना पुन्हा. "तुमच्या घरचं सांडपाणी कुठे जातं?" एवढासुद्धा पुरेल.

आणि कृपा करून नॅकसाठी (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) भरतो तो तक्ता 'मूल्यमापन' म्हणून दाखवू नका. परीक्षेचेच मार्क एक्सेलमध्ये ओतायचे, अमुक टक्के पोरं अमुक मार्कांच्या वर गेली की लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात वरची. मुळा-मुठेचे २३ तिथेही २३च. मीही भरलेत असले तक्ते, कमिटी यायच्या आठवड्यात, रात्री अकराला.

अण्णा_बेळगावकर:
वीस फाइली तपासून उरलेल्या १६० जणांना काय सांगणार, ताई? त्यांनी फी नाही भरली?

गणितवाली_मावशी:
त्यांचे मार्क नेहमीसारखेच लागतील, अण्णा. भात शिजला का बघायला चार शितं दाबतो, अख्खं पातेलं नाही. ही कोर्सची परीक्षा, पोरांची नाही.

वहीवाला:
तोंडीचं मागे घेतो. पंधरा तासांचा हिशोब मी केलाच नव्हता. फाइल बंद करा हेही मागे, कारण ते दीड पान फाइलीतच सापडलं. पेपर नकोच, यावर मी ठाम आहे.

त्या पोराला काल बोलावलं. ११ चे २१ करायला आता उशीर झालाय, मार्क वर गेलेत. त्याला वाटलं कॉपीचं काहीतरी निघालं. म्हणाला, "सर, बाकीच्यांनी विकत आणली, माझ्याकडं पैसं नव्हतं म्हणून घरचंच लिहिलं."

पुढच्या सत्रात वीस फाइलींचं करून बघतो. दुसरा तपासनीस हवाय. तासिकेवरचे मास्तर, तुम्ही याल? आपल्या दोघांची कॉलेजं तशी जवळच दिसतायत.

तासिकेवरचा_मास्तर:
येतो की. पण नेमणुकीची ऑर्डर जूनमध्ये निघाली तर. गेल्या वर्षी सप्टेंबर उजाडला होता.