नाटकाच्या पुस्तकातली ‘चाल’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सध्या जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं वाचतेय. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल दिलेला असतो आणि पुढे ‘चाल – ’ असं लिहून भलत्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, कधी हिंदी कधी कानडी. आपण ‘खळ्यांची चाल’ म्हणतो तेव्हा ती त्या संगीतकाराने केलेली असते ना, मग इथे दुसऱ्याच गाण्याचं नाव कशाला? एक मित्र म्हणाला की त्या काळी चाली सरळ ढापायचे. असंच आहे का?

प्रतिसाद : ढापायचे हा शब्द इथे मुळीच लागू होत नाही ताई, ढापणारा माणूस कुठून ढापलं ते छापून देत नाही. त्या काळात चाल या शब्दाचा अर्थ होता लोकांच्या कानात आधीच बसलेली सुरावट, आणि नाटककार ती सुरावट घेऊन तिच्यावर नवीन शब्द बसवायचा. ‘अमक्या चालीवर’ हा प्रयोग तिथलाच. कीर्तनात, वारकरी भजनात, लावणीत हेच चालत आलेलं होतं, अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते रंगभूमीवर आणलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात शाकुंतलाचे पहिले चार अंक झाले आणि १८८२ मध्ये सौभद्र आलं, तेव्हा संगीत दिग्दर्शक नावाचा वेगळा माणूस नव्हताच, नाटक लिहिणाराच चाल निवडायचा. अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, बेळगावकडचे, त्यामुळे कानडी पदांच्या चाली त्यांच्या नाटकात आल्या यात नवल काहीच नाही.

दुसरं म्हणजे ही ओळ गाणाऱ्याच्या सोयीसाठी असायची. स्वरलिपी छापायची पद्धत तेव्हा रुजलेली नव्हती आणि नुसता ‘राग भीमपलास, ताल त्रिवट’ लिहून पद कसं उचलायचं ते कळत नाही, एका रागात शंभर पदं होतात. पण मूळ गाण्याचे दोन शब्द दिले की गावोगावच्या नटाला आणि घरी गुणगुणणाऱ्यालाही अख्खी सुरावट मिळायची.

शब्दाचा अर्थ कसा सरकत गेला ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. १८९६ च्या ‘वीरतनय’मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी साकी-दिंडी या जुन्या छंदांची वाट सोडून पारशी-गुजराती रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या, पण त्याही आधीपासून असलेल्याच. १९११ ला ‘मानापमान’ आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या आणि तिथे पहिल्यांदा लिहिणारा (खाडिलकर) एक आणि चाली देणारा दुसरा हे ठळकपणे दिसायला लागलं. टेंब्यांनीही ठुमरी, गझल, कजरी असं बरंच घेतलंय, पण कुठल्या प्रसंगाला काय शोभेल हे ठरवणारा कान त्यांचा होता. ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या चिजा (बंदिशी) पदांना दिल्या. क्रियापद बघा, *देणे*. चाल दिली, म्हणजे स्वतःच्या साठ्यातून काढून दिली. ‘एकच प्याला’च्या (१९१९) चाली बालगंधर्वांनी गायिका सुंदराबाई जाधवांकडून घेतल्या आणि पदं नाटककार गडकऱ्यांची नाहीत तर वि. सी. गुर्जरांची, म्हणजे नाटक एकाचं, पदं दुसऱ्याची, चाली तिसरीकडून, गाणारा चौथा. आणि तरी ते सगळं एकजीव होतं! सुंदराबाईंचं नाव या बाबतीत कमी घेतलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. चाल देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आज आपल्याला शब्दातून जाणवतच नाही.

नवी सुरावट रचणे हा अर्थ पुढे हळूहळू पक्का झाला. ‘मत्स्यगंधा’पर्यंत (१९६४) आलो की जितेंद्र अभिषेकी सरळ संगीत दिग्दर्शक असतात आणि पुस्तकात दुसऱ्या गाण्याचं नाव लिहायची गरज उरत नाही.

प्रश्नकर्ती : खूप आभार दादा, एवढं डिटेल कुठेच मिळालं नव्हतं. अजून एक, काही पदांवर ‘चाल’ अजिबात नसते, नुसतं ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ असतं. ते राहून गेलंय का छपाईत?

प्रतिसाद : नाही, राहिलेलं नाही. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही जातीची, म्हणजे छंदांची नावं आहेत आणि प्रत्येकीची म्हणायची ठरलेली रीत असते, तेव्हा नाव सांगितलं की चाल आलीच. खरी अडचण आज होते ती उरलेल्या पदांची, कारण ज्या गाण्याचं नाव दिलंय ते गाणंच आता कुणाला येत नाही. अशा वेळी पुस्तक काही कामाचं नाही, चाल फक्त गुरूकडून शिष्याकडे आली असेल तर आली. ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा करणारे गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ ला, त्यांनी सुभद्रेची पदं कशी गायली असतील ते ऐकायची काहीच सोय नाही. मी तर म्हणेन की जुन्या गायकांकडे जी पदं अजून आहेत ती चालीच्या मूळ गाण्यासकट रेकॉर्ड करून ठेवायला हवीत, नुसतं पद नको.

आणखी एक प्रतिसाद : हा जुना अर्थ मेलेला नाही हे सांगायचं होतं. गणपतीच्या मेळ्यांची पदं नाटकातल्या गाजलेल्या चालींवर रचायचे. भीमगीतांच्या छोट्या पुस्तिका बघा, गाण्याच्या वर आजही ‘चाल :’ लिहून सिनेमातल्या गाण्याचे शब्द दिलेले असतात, हुबेहूब किर्लोस्करांच्या पुस्तकासारखं, आणि त्याच चालींवर बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोचला. ‘कवितेला चाल लाव’ म्हणतो त्यात नवा अर्थ आहे आणि ‘ह्या चालीवर म्हण’ मध्ये जुना, दोन्ही एकाच घरात एकाच दिवशी ऐकू येतात. ‘चाल बांधणे’ मात्र मी रचण्याच्या अर्थानेच ऐकलंय, देण्याच्या नाही. विदर्भात किंवा गोव्याकडे वेगळं म्हणतात का कुणी?