जोराच्या पावसानंतर पुढच्या सीटच्या पायाशी पाणी: काचेभोवती सिलिकॉन मारावं का?

ओलीचा माग

माझी नऊ वर्षांची हॅचबॅक, वर सनरूफ. जोराचा पाऊस तासभर पडून गेला की चालकाशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथलं कार्पेट भिजतं. वरचं फूटमॅट कोरडं असतं, पण ते उचलून कार्पेट अंगठ्याने दाबलं की खालच्या फोममधून पाणी वर येतं. गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर तेच पाणी मागच्या सीटच्या पायाशी सापडतं. रिमझिमीत काही होत नाही. सकाळी काचा आतून धूसर झालेल्या असतात आणि दार उघडताच कुबट वास येतो.

पुढची काच मूळचीच, कधी काढलेली नाही. त्याच बाजूच्या पुढच्या दारातला स्पीकर सहा महिन्यांपूर्वी बदलला. एसी रोज चालतो. छताच्या कापडावर डाग नाही. 'काचेभोवती सिलिकॉन फिरवा, थांबेल' असा सल्ला मिळालाय. फिरवावं का? आणि भिजलेल्या कार्पेटचं काय करायचं?

दहाचा पान्हा

सिलिकॉनची ट्यूब आधी हातातून खाली ठेवा. पुढची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. वर त्याचा थर एकदा बसला की त्यावर ना रंग धरत, ना नवं पॉलियुरेथेन. म्हणजे पुढे काच खरोखर बसवायची वेळ आली तर काच बसवणारा तुमच्या नावाने बोटं मोडणार.

आधी हे पावसाचंच पाणी आहे का ते बघा. पांढरा टिश्यू कार्पेटवर दाबा. हिरवट किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचं निघालं तर ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. तसं असेल तर काचेवर आतून तेलकट थरही बसतो. स्वच्छ, बिनवासाचं असेल तर पाऊस नाहीतर एसी. दमट हवेत एसी वीसेक मिनिटं चालला की गाडीखाली थेंब पडलेच पाहिजेत. पडत नसतील तर एसीच्या पेटीतून पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे आणि ते पाणी आत उतरतंय. तुमचं कार्पेट पावसानंतरच भिजतं, त्यामुळे एसीवर माझा संशय कमी.

आता बोनेट उघडा. वायपरच्या बुडाशी प्लॅस्टिकची जाळी असते, तिच्याखाली पत्र्याची पन्हळ. काचेवरचं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून फेंडरच्या आतून खाली जातं. ब्लोअर (एसी-हीटरचा पंखा) बाहेरची हवा ओढतो ते तोंडही याच पन्हळीत, बहुतेक गाड्यांत चालकाशेजारच्या बाजूला. पानं-काड्या कुजून काळा गाळ झाला की भोकं अर्धी बुजतात. रिमझिमीचं पाणी कसंबसं निघून जातं. जोराच्या सरीत पन्हळ भरते, पाणी त्या तोंडाच्या काठावरून आत पडतं आणि ब्लोअरमधून थेट पायाशी. तुमचं लक्षण याच्याशी जुळतं. खूण म्हणजे केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा): भिजून फुगलेला किंवा पाण्याच्या रेघा असलेला निघेल.

जाळीसाठी वायपरचे हात काढावे लागतात. काढण्याआधी ब्लेड काचेवर कुठे टेकतं तिथे चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर बसवताना वायपर काठावर आपटतो. गाळ हाताने किंवा जुन्या चमच्याने उचला. पाण्याचा फवारा मारून पुढे ढकलू नका, तो भोकात जाऊन घट्ट बसेल. मग एक लिटर पाणी सावकाश ओता. काही सेकंदांत ते पुढच्या चाकामागे खाली पडलं पाहिजे. काही गाड्यांत भोकाच्या तोंडाला बदकाच्या चोचीसारखा रबर असतो. त्याचे ओठ चिकटतात, बोटांनी चिमटून मोकळे करा.

पत्रा-पेंट

वरचं बरोबर, पण अंदाजाने एकेक खोलत बसण्यापेक्षा पाणी सोडून बघा. माणसं दोन लागतात. एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन.

फूटमॅट काढा, उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी काढा, कार्पेटचा कोपरा उचलून खालचा पत्रा फडक्याने कोरडा करा. पत्र्यावर आणि डॅशबोर्डखालच्या बाजूच्या भिंतीवर टाल्कम पावडर भुरभुरा. थेंब उतरला की पावडरीत रेघ दिसते आणि ती रेघ कुठून आली तेही कळतं. पाइपला नोझल नको, नुसती सैल धार. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो आणि मग नसलेली गळती दुरुस्त करण्यात दिवस जातो.

सुरुवात खालून: दाराचा खालचा भाग, मग दाराच्या काचेची कड, मग वायपरखालची जाळी, मग पुढच्या काचेच्या बाजू आणि वरची कड, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, त्याआधी पाइप हलवायचा नाही. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

काचेची शंका असेल तर पाण्याशिवायही कळतं. सगळ्या काचा बंद, ब्लोअर सर्वात जोरात, हवा बाहेरून घेण्यावर. बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी लावा. जोड सुटलेला असेल तर आतली हवा तिथे बुडबुडे काढते. मात्र मूळची, कधी न हललेली काच गळताना कमीच दिसते. गळते ती बहुधा बदललेली, घाईत बसवलेली.

रबरी वॉशर

मला त्या स्पीकरचा संशय येतोय.

दारात पाणी जातं ही बिघाडाची खूण नाही. खिडकीच्या काचेला बाहेरून जे रबर टेकलेलं असतं ते पाणी अडवत नाही, फक्त कमी करतं. बाकीचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार पुढे-मागे हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली तर ती भोकं बुजलीत.

दाराचं पोट आणि आतलं पॅनल यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद किंवा पातळ फोमचा पडदा असतो, काळ्या चिकट ब्युटाइलने (मऊ रबरी लांबीने) चौफेर लावलेला. हा पडदा म्हणजे खरी भिंत. स्पीकर किंवा काच चढवायची यंत्रणा बदलताना तो अर्धा उचकटतात, परत लावताना ब्युटाइलवर धूळ बसलेली असते, चिकटल्यासारखा दिसतो आणि आठवड्यात सुटतो. मग पाणी पॅनलच्या मागून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली. दाराचं रबर या पाण्याला अडवत नाही, कारण पाणी रबराच्या आतल्या बाजूनेच येतं.

ओळखायला सोपं: दाराच्या बाहेरच्या काचेवर सैल धार दहा मिनिटं सोडा, मग दार उघडून पॅनलच्या खालच्या कडेवरून टिश्यू फिरवा. ओला झाला तर पॅनल उघडायचं.

दाराचं रबरही तपासायचंच असेल तर कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. दर वीतभर अंतरावर. जिथे पट्टी अलगद सुटते तिथे रबर दबलेलं किंवा दार खाली बसलेलं.

चौथी नळी

छताला डाग नाही म्हणून सनरूफ सुटला असं समजू नका. सनरूफचं रबरही पाणी पूर्ण अडवत नाही. आत येणारं पाणी त्याच्या तबकात पडतं आणि चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून जातं. पुढच्या दोन काचेशेजारच्या खांबांतून खाली येतात. नळी खालच्या टोकाला, डॅशबोर्डमागे सुटली असेल तर छत कोरडं ठणठणीत आणि पाय ओले.

सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धा कप पाणी ओता. गुळगुळ करत जाऊन गाडीखाली पडलं तर ठीक. तुंबलं तर 2 मिमी जाडीची नायलॉन दोरी, टोक लायटरने वितळवून गोल केलेलं, हलक्या हाताने सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. वरच्या तोटीवर नळी नुसती खोचलेली असते. हवेच्या दाबाने ती निसटते, आणि मग पुढचं काम म्हणजे अख्खं छत उतरवणं.

ओलीचा माग

करून बघितलं. पन्हळीत दोन मुठी कुजकी पानं होती, काढली. लिटरभर पाणी लगेच खाली गेलं. फिल्टर कोरडा, रेघा नाहीत. सनरूफच्या पुढच्या दोन्ही नळ्या मोकळ्या. एसीचं पाणी गाडीखाली पडतंय. दाराच्या काचेवर धार सोडल्यावर सहाव्या मिनिटाला पॅनलखालून थेंब. पॅनल काढलं तर पडदा खालच्या कोपऱ्यात हातभर सुटलेला, आणि स्पीकरच्या वायरसाठी त्याला ब्लेडने चीर दिलेली. पॅकिंगची चिकटपट्टी चालेल का?

रबरी वॉशर

नाही. ओलीत आणि दाराच्या उष्णतेत तिचा गोंद महिनाभरही धरत नाही. 8 मिमीची ब्युटाइलची दोरी आणा. जुनं ब्युटाइल खरवडायची गरज नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने त्यावरची धूळ पुसा, वाळू द्या, वर नवी दोरी सलग लावा. कोपऱ्यात तोडू नका, जोड आलाच तर तो वर ठेवा, तळाला नको. पडदा जागेवर धरून अंगठ्याने इंच-इंच दाबत जा. हवा थंड असेल तर हेअर ड्रायरने दोरी किंचित गरम केली की छान पसरते.

पडद्याची खालची कड पत्र्यातल्या फटीत, दाराच्या पोटाकडे खोचलेली असते. ती आत गेलीच पाहिजे. बाहेर राहिली तर पाणी पुन्हा पॅनलकडेच. चिरेवर दोन्ही बाजूंनी ब्युटाइल, आणि वायर पडद्यातून बाहेर येण्याआधी तिला खाली झुकणारा एक झोल द्या, म्हणजे थेंब वायरीवरून चालत न येता झोलाच्या तळाशी गळून पडतो. स्पीकरच्या कडेखाली फोमची गोल गादी आहे का तेही बघा.

दहाचा पान्हा

आता कार्पेट. वरून वाळलेलं दिसतं त्यावर जाऊ नका. खालचा फोम दोन-तीन सेंटीमीटर जाड असतो, स्पंजासारखं पाणी धरतो, आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. कार्पेट उचलायला सीट काढावी लागते: सहसा चार बोल्ट. सीटखालचं पिवळं कनेक्टर एअरबॅगचं आणि सीटबेल्ट ओढून घट्ट करणाऱ्या यंत्रणेचं. बॅटरीची ऋण तार काढा, दहा मिनिटं थांबा, मगच त्याला हात लावा. ते सुटलेलं असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि स्कॅनरशिवाय जात नाही. गाडी विजेवरची असेल तर उच्च दाबाच्या नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका.

वेट व्हॅक्यूमने फोम दाबत दाबत पाणी ओढा, मग कार्पेटखाली लाकडाचे ठोकळे घालून पंखा लावा. दोन-तीन दिवस धरा. नुसती उन्हात, काचा बंद करून ठेवली तर वाफ काचेवर जमते आणि परत फोममध्येच उतरते. काचा दोन बोटं खाली ठेवा. उंबऱ्याजवळची वायरिंगची कनेक्टर उघडून पिना पाहा. हिरवट बुरा दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. तळाच्या पत्र्यातली रबरी बुचं घट्ट बसलीत ना तेही चाचपा. पाणी काढायला म्हणून त्यातलं एखादं कायमचं काढून टाकतात; मग डबक्यातून जाताना तेच भोक पाणी आत घेतं.

पत्रा-पेंट

दाराचं पॅनल सगळ्यात शेवटी. पडदा लावून झाला की उघड्या दाराच्या काचेवर बाहेरून पंधरा मिनिटं धार सोडा आणि पडद्याच्या खालच्या कडेला पावडर भुरभुरून ठेवा. पावडर कोरडी राहिली तरच क्लिपा दाबा.