खांड गेलेल्या (बांध फुटलेल्या) खारशेतीत आता मासे आहेत. परत भात लावायचा की खाडीला राहू द्यायचं?

धरमतरकाठ

पेण-अलिबागच्या खारेपाटात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली आणि वेळेत बुजवली नाही, की काय होतं ते इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. आधी उधाणाचं पाणी पिकात शिरतं, मग लावलेला भात जळतो, मग तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं दिसायला लागतात. दहा-पंधरा वर्षांत माणूस दिसणार नाही इतकं रान होतं. आमचे साडेतीन एकर असेच गेले.

परवा ओहोटीला तिथे उतरलो. गुडघाभर चिखल. तिवरांच्या मुळ्यांमधून जुन्या बांधांच्या रेषा अजून कळतात. आमच्या आणि चुलत्यांच्या वाट्यामधला बांध मी पायानेच ओळखला. त्यावर निवट्या, चिखलातले मासे, उड्या मारत होत्या आणि खळग्यातल्या पाण्यात बोटभर बोयटं, कोळंबीची पिल्लं. वडील म्हणायचे, जमीन मेली. मला ती मेलेली दिसली नाही.

जिताडा माशाचंच घ्या. पावसाळ्याच्या तोंडाला तो खाडीच्या मुखाशी खारट पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत, उथळ मचूळ पाण्यात शिरतात आणि मुळ्यांच्या आडोशाला वाढतात. आपण तळ्यात सोडायला पिल्लं आणतो ती याच खाडीतून. म्हणून माझं स्पष्ट मत: खारफुटी पक्की झाली आहे तिथे परत बांध घालू नये. उलट मोडक्या उघाडीमागे (बांधातल्या पाण्याच्या दारामागे) पाणी तुंबून सडतंय, तिथे वाट मोकळी करून भरती-ओहोटी नीट खेळू द्यावी. आणि सातबारा ज्याच्या नावावर, त्याला सरकारने दरवर्षी मोबदला द्यावा.

खारेपाटचा शेतकरी

दादा, तुमची कळकळ पोचली. पण 'खांड गेली' म्हणून तुम्ही पुढे निघून गेलात, मी तिथेच थांबतो. खांड आपोआप जात नाही. आमच्या आज्याच्या वेळी घरटी एक माणूस बांधावर जायचा, चिंबोरीने पाडलेलं भोकसुद्धा त्याच दिवशी चिखलाने बुजवलं जायचं. पुढे खारभूमीचं काम सरकारकडे गेलं, 1979 चा कायदा आला, आणि गावाचा हात बांधावरून सुटला. दुर्लक्षाने बुडालेल्या शेताला आता 'माशांचं घर' म्हणायचं, हे मला पटत नाही.

ही जमीन आम्हाला कोणी दान दिलेली नाही. चरी गावच्या शेतकरी संपात 1933 ते 1939, सहा वर्षं, लोकांनी शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची, म्हणजे जमीनदारांची, शेतं कसली नाहीत. उपास काढले. कुळकायद्याची वाट तिथून निघाली. आणि आज? उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश आणि 2018 चा निकाल असा, की जमीन कोणाचीही असो, खारफुटीला हात लावायचा नाही. म्हणजे खांड काही वर्षं तशीच राहिली की सातबारा आमचा, पण पाय ठेवायची सोय नाही. मोबदल्याचं तुम्ही म्हणता, पण आधी जमीन जाते आणि मोबदल्याची चर्चा मागून होते.

लाल तांदूळ

दोघांनाही थोडं थांबवते. सगळी खारशेती एका मापाने मोजू नका. खांड ताजी असेल तर जमीन परत येते. बांध बंद करायचा, उघाडीचं झडप नीट करायचं (भरतीला मिटलं पाहिजे, ओहोटीला उघडलं पाहिजे), आणि दोन-तीन पावसाळे मीठ धुऊ द्यायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-1, 2, 3 या जाती थोडा खार सोसतात.

दुसरं, बाहेरचं शेत खाडीला दिलं की पुढचं उधाण आतल्या शेतात आणि विहिरीत येणार. इंग्लंडात मेडमेरीला 2013 मध्ये मुद्दाम समुद्राचा बांध फोडून शेतजमीन भरतीला दिली, सुमारे 183 हेक्टर. पण त्याआधी आत सात किलोमीटरचा नवा बांध घातला होता. धरमतरकाठ, तुमच्या सूचनेत आतला बांध कुठे आहे?

ओहोटीची वेळ

मी कातकरी वाडीवर शिकवते. तुमची चर्चा सातबाऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आमच्या वाडीतल्या बायका अशाच बुडालेल्या शेतांत ओहोटीला जातात. बिळाच्या तोंडाशी ओला, ताजा चिखल दिसला की आत चिंबोरी आहे हे लांबून ओळखतात, लोखंडी आकडी घालून हलकेच ओढतात. त्या दिवसाचं तेल-मीठ त्यातून येतं. त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. मालकाला मोबदला सुरू झाला आणि त्याने कुंपण घातलं, तर? आणि बांध परत घातला, तरी? दोन्हीकडून बाहेर त्याच पडतात. कोणताही निर्णय करा, ओहोटीला जायचा त्यांचा हक्क आधी लिहून घ्या.

धरमतरकाठ

ताई, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मोबदल्याच्या करारातच ही अट असावी, आणि कुंपण घालणाऱ्याचा मोबदला बंद व्हावा. आतल्या बांधाचंही मान्य. तो नसेल तर माझी सूचना मीच मागे घेतो. पण पंधरा वर्षांचं रान तोडून भात लावण्याला माझा विरोध कायम आहे. त्या बांधाची देखभाल आता कोण करणार? आमच्या घरातला एकही मुलगा चिखलात उतरत नाही.

खारेपाटचा शेतकरी

आमच्यात उतरतात. मी आणि माझा पुतण्या, दोघं.

तुमचं पंधरा वर्षांचं रान मी सोडून देतो, त्यावर वाद घालत नाही. पण आमच्याकडची खांड तीन पावसाळ्यांपूर्वीची आहे. तिवरं गुडघ्याएवढी झालीत. लाल तांदूळ म्हणतात तसं अजून धुऊन निघेल, आणि कायदा म्हणतो हात लावू नका. पुढच्या दोन वर्षांत ती कमरेएवढी होतील. तुमच्या हिशोबात आमचं शेत कुठे बसतं, ते सांगा.