रिकाम्या प्लॉटमध्ये भराव टाकायचा म्हणतात, पण पाणी जाणार कुठे? (सांगली) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडे, शामरावनगरच्या बाजूला आमची गल्ली आहे. गुंठेवारीतली वस्ती, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांवरची. गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे आणि पावसाळा लागला की पार दिवाळीपर्यंत त्यात पाणी उभं असतं. त्यावर गल्लीत सध्या जे ठरत चाललंय ते मला पटत नाही. पण नुसतं 'पटत नाही' म्हणून भागत नाही, दुसरा मार्ग दाखवावा लागतो. तो शोधायला तुमची मदत हवी आहे.

ठरत चाललंय ते असं. घरटी वर्गणी काढायची, डंपरने मुरूम आणायचा आणि प्लॉट रस्त्याच्या लेव्हलला भरून घ्यायचा. प्लॉटवाले पुण्याला असतात, त्यांनी फोनवर हो म्हटलंय.

अडचण आहे ती प्लॉटच्या मागच्या घराची. तिथे एक आजी एकट्या राहतात. त्यांचं घर गल्लीतलं सगळ्यात जुनं, 2005 च्या पुराच्याही आधीचं. पुढे 2019 आणि 2021 चे पूर आले आणि दर पुरानंतर ज्याने नवीन बांधलं त्याने जोतं आधीच्यापेक्षा वर घेतलं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसाने घर उंच घेतलं तर त्याला दोष देता येत नाही. रस्ताही दर वेळी जुन्यावरच नवा थर टाकून केला गेला. सगळ्याचा परिणाम असा की आजींच्या दारात तीन पायऱ्या आहेत आणि त्या घरात जाताना उतराव्या लागतात. भिंतीला खालून हातभर ओल आहे, तिथला गिलावा बोट लावलं तरी सुटतो.

आता हे पाणी पुराचं नव्हे, साध्या पावसाचं आहे. जमीन काळी, एकदा भिजून फुगली की पाणी मुरूच देत नाही. गटार अर्ध्या गल्लीपर्यंतच आहे. जोराची सर आली की मी गॅलरीतून बघते, रस्त्यावरचा पालापाचोळा, प्लास्टिक सगळं वाहत प्लॉटकडेच जातं. म्हणजे आज तो प्लॉट अख्ख्या गल्लीचं पाणी पोटात घेतोय. तो भरला तर तेच पाणी आजींच्या घरात शिरणार. मीटिंगमध्ये मी विचारलं, "मग पाणी कुठं जायचं?" तर उत्तर आलं, "जाईल की वहिनी, कुठंतरी वाट काढंल." ती वाट आजींच्या स्वयंपाकघरातून आहे हो!

शेजाऱ्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही नाही. गेल्या वर्षी ऐन गणपतीत गल्लीत डेंग्यू निघाला. समोरच्या घरातल्या शाळकरी मुलीच्या प्लेटलेट्स इतक्या खाली गेल्या की सगळी गल्ली रात्रभर जागी होती. त्या आईबापांना "प्लॉट भरू नका" हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यात ज्यांचे सेप्टिक टँक प्लॉटला लागून आहेत त्यांच्याकडे पावसात संडासाचं पाणी मागे येतं, वास वेगळाच.

पाहणीला येणाऱ्या आरोग्यसेविका ताईंनी मात्र एक गोष्ट नीट समजावून सांगितली, ती इतरांनाही उपयोगी पडेल. डेंग्यूचा एडिस डास सहसा घाण, सांडपाण्यासारख्या डबक्यात होत नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. आमच्या प्लॉटच्या कडेला टाकलेले टायर, नारळाच्या करवंट्या, थर्माकोलचे डबे, आणि घरातल्या टाक्या, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, खरा धोका तिथे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवायची. घासायचं एवढ्यासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात. डबक्यात गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात. म्हणजे डेंग्यूचं काम भरावाशिवायही बरंचसं होण्यासारखं आहे. ते आम्ही सुरू केलंय, आणि त्यात सगळी गल्ली सोबत आहे.

राहिला प्रश्न पाण्याच्या वाटेचा. मी थोडं वाचलंय ते सांगते, जाणकारांनी दुरुस्त करावं. 1882 च्या इझमेंट अ‍ॅक्टच्या (वहिवाटीच्या हक्कांचा कायदा) 7 व्या कलमाखालच्या उदाहरणांत असं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी उताराने आपसूक खालच्या जमिनीत जात असेल तर खालच्या मालकाने ते जाऊ दिलं पाहिजे. मग अशी जागा भराव टाकून अडवली तर त्याला हरकत घेता येते का? की गुंठेवारीत हे लागूच होत नाही? तसंच सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 कलम होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते 152 झालंय. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या कलमावरचा रतलाम नगरपालिकेचा 1980 चा सुप्रीम कोर्टाचा निकालही वाचला, पैसे नाहीत म्हणून गटाराचं काम टाळता येत नाही असा. पण शेजाऱ्यांच्या विरोधात अर्ज करणारी बाई मला व्हायचं नाही. रोज दुधाच्या पिशवीपासून दवाखान्यापर्यंत हीच माणसं उपयोगी पडतात. अर्ज पाण्यासाठी असावा, माणसांविरुद्ध नको. असा मसुदा कुणी केलाय का?

दुसरी अडचण कागदांची. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे, प्लॉटची खरेदी स्टँप पेपरवरची. गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्याखाली प्लॉट नियमित झालेला नाही. उद्या काही लेखी करायचं झालं तर सही कुणाची चालेल?

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: प्लॉटच्या कडेने ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे पाइप) टाकून पाणी पुढच्या नाल्याला नेता येईल का? प्लॉटवाल्यांना आपल्या हद्दीतून पाइप नेणं मान्य होईल असं वाटतं. पण नाल्याचा तळ आमच्या प्लॉटपेक्षा खाली आहे की वर, हे अंदाजाने सांगणारे पुष्कळ, मोजलेलं कुणीच नाही. उलटा उतार निघाला तर नाल्याचंच पाणी आत यायचं. सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये खाजगी सर्व्हेअरकडून कुणी लेव्हल काढून घेतली असेल तर साधारण खर्च किती आला आणि किती व्यासाचा पाइप पुरला ते कृपया लिहा. मुरमाची वर्गणी एक तारखेपासून गोळा होणार आहे. त्याआधी मोजमापाचा कागद मीटिंगमध्ये ठेवता आला तर लोक ऐकतील, माणसं वाईट नाहीत.