उजनीवरचा पांढऱ्या डोक्याचा कुरव: नाव द्यायचं की थांबायचं?

पाणथळवेडा
भिगवणला, डिकसळच्या बाजूला, तपकिरी डोक्याच्या कुरवांच्या थव्यात एक वेगळाच पक्षी बसलेला मिळाला. डिसेंबर, थंडीत डोक्याचा गडद रंग जातो, त्यामुळे डोकी सगळ्यांचीच पांढरी. पण बाकीच्यांच्या कानामागे काळपट डाग होता, याच्या डोक्यावर काहीच नाही. चोच लांब, कपाळ उतरतं, डोळा फिका. माझ्या मते हा बारीक चोचीचा कुरव, म्हणजे स्लेंडर-बिल्ड गल. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, नोंद टाकताच तपासणाऱ्यांनी तपशील मागितला. जाणकार मंडळी म्हणतात, 'गल एसपी.' (कुरव, पण जात नक्की नाही) लिहा आणि सोडून द्या. मला हे पटत नाही. चुकलेली नोंद दुरुस्त होते, न टाकलेली कुणाला सापडणार?

करकोचा_७२
फोटो भर दुपारचा, उन्हात पांढरा रंग पार जळलाय. हा काळ्या डोक्याचा कुरव, म्हणजे ब्लॅक-हेडेड गलही असू शकतो; अशा फोटोत त्याचा कानाचा डागही उडतो. शिवाय काही पक्ष्यांत तो मुळातच पुसट असतो. डाग नाही, हा पुरावा होत नाही.

पाणथळवेडा
मग डोळ्याचं काय? काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो. याची बुबुळं फिकी आहेत, झूम करून बघा.

करकोचा_७२
बघितली. फिका डोळा तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचाही असतो, आणि तुमचा अख्खा थवा त्यांचाच आहे! प्रश्न पंखाचा आहे, आणि तुमच्या तिन्ही फोटोंत पंख मिटलेला. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं पंखाचं टोक चांगलं रुंद काळं, त्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याचा आणि बारीक चोचीचा, या दोघांच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर, काळं फक्त काठापुरतं. म्हणजे फिका डोळा आणि पांढरी पाचर एकाच पक्ष्यात दिसली, तरच तुमचं नाव उभं राहतं. निम्म्या पुराव्यावर अख्खं नाव कसं देणार?

कोकणचो_सुरय
मला धाग्याच्या मालकांचं पटतं. हा पक्षी जामनगर-कच्छच्या किनाऱ्यावर थव्यांनी असतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून हिमालय ओलांडून उजनीला येतो, त्याचं कुणाला नवल नाही. मग याने फक्त घाट चढला तर एवढी चौकशी कशाला? आणि ठेवण बघा. पाण्यावर मान ताणून बसलाय, कपाळापासून चोचीपर्यंत सरळ उतार. बाकीच्यांची डोकी गोल. किनाऱ्यावर रोज बघणाऱ्याला हे लांबून कळतं.

करकोचा_७२
येऊ शकतो, याला माझी ना नाहीच. पण येऊ शकतो आणि आला यात फरक आहे, राव. आणि मान तर घाबरलेला कुठलाही कुरव ताणतो.

माळढोक_सोलापूर
होडीवाल्याला शेव-गाठिया टाकायला लावून पक्षी जवळ बोलवले होते का? मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर तर हा खेळच झालाय. फोटो मिळतो, पक्ष्याच्या पोटात तेलकट बेसन जातं. नावाआधी यावर बोला.

पाणथळवेडा
काही टाकलं नव्हतं. होडी बंद करून लांबूनच घेतलेत, म्हणून तर फोटो असे आहेत.

नदीकाठ
भांडण मिटवायचा सोपा मार्ग आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जा. तोवर तपकिरी आणि काळ्या डोक्याच्या कुरवांना बुरखा, म्हणजे डोक्यावरचा गडद रंग, चढायला लागतो. बारीक चोचीच्या कुरवाचं डोकं बाराही महिने पांढरं. थव्यात सगळ्यांची डोकी गडद आणि हा तसाच कोरा दिसला, तर करकोचासाहेबांनाही मान्य करावं लागेल.

करकोचा_७२
तेव्हा आनंदाने करेन. फक्त पहिल्या वर्षाच्या पिल्लांना बुरखा अर्धवट येतो किंवा उशिरा येतो, तेवढं लक्षात ठेवा. त्यामुळे तेव्हाही उडतानाचा फोटो हवाच. कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे सलग फोटो घेण्यावर, ठेवा, पंख वर गेल्याची एक फ्रेम पुरे.

कोकणचो_सुरय
आणि तो मार्चपर्यंत थांबलाच नाही तर?

करकोचा_७२
तर 'गल एसपी.'

पाणथळवेडा
मी नोंद काढत नाही. फोटो आणि वर्णन जोडलंय, तपासणाऱ्यांना नाकारायची असेल तर नाकारू देत. डिकसळला कुणी जाणार असेल तर थवा जुन्या पुलाच्या अलीकडे, उथळ पाण्यात बसतो. सकाळी लवकर जा, ऊन पाठीशी राहील असं बघा, आणि पंखांचे फोटो इथेच टाका.