ग्रीकांना पांढरा संगमरवर आवडायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पाटीपेन्सिल

परवा दगडफूल यांनी इथे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक आपल्या सगळ्यांना पाठ असलेला पांढराशुभ्र ग्रीक पुतळा. दुसरा म्युनिकला 2003 च्या प्रदर्शनात मांडलेला, ग्रीसमधल्या एजायना बेटावरच्या आफाया देवीच्या देवळावरचा तिरंदाज, रंगवलेला. विजारीवर, बाह्यांवर लाल-निळ्या-पिवळ्या शंकरपाळ्यांची नक्षी. खाली लिहिलं होतं, "ही संशोधनाच्या नावाखाली चाललेली विटंबना आहे. ग्रीकांनी शुद्ध आकाराची उपासना केली. त्यांना रंगारी बनवू नका."

चार दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

आधी एक गोष्ट: मूळ पुतळ्याला कुणी बोट लावलेलं नाही. रंग प्रतिकृतीवर आहे. मूळ दगडावर अतिनील प्रकाश टाकून, तिरप्या उजेडात बघून जिथे नक्षीच्या खुणा दिसल्या, तिथेच ती नक्षी काढली आहे.

आता ग्रीक काय म्हणतात ते ऐका. युरिपिडीसच्या नाटकातली हेलन, इसवी सनपूर्व 412 ची, आपल्या रूपाला कंटाळून म्हणते की मूर्तीवरचा रंग पुसावा तसं हे सौंदर्य पुसून जावं आणि मी कुरूप व्हावं. म्हणजे प्रेक्षागृहातल्या अथेन्सकराला रंग पुसलेली मूर्ती ही बिघडलेली मूर्ती वाटत होती, नाहीतर त्या ओळीला अर्थच उरत नाही. प्राक्सितेलीस या ग्रीक शिल्पकाराला विचारलं, तुझी सगळ्यात आवडती शिल्पं कुठली. तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागलाय ती. निकियास चित्रकार होता. ही गोष्ट प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. आणि अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या एरेक्थिऑन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडात कोरलेले आहेत. त्यात मेण-रंगाने नक्षी भरणाऱ्याला फुटामागे पाच ओबोल दिल्याची नोंद आहे. त्याच कामावर दिवसाची मजुरी एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल होती. एवढे पैसे कुणी हौस म्हणून उधळत नाही.

शुभ्रतेचं वेड ग्रीकांचं नाही. विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने 1764 मध्ये प्राचीन कलेचा जो इतिहास लिहिला त्यातून ते युरोपभर पसरलं. त्याने स्वतः ग्रीसमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. रोममध्ये बसून त्याने जे पाहिलं ते बहुतांशी रोमन काळातल्या नकला होत्या, शतकानुशतकं जमिनीत राहून आणि नंतर घासूनपुसून पांढऱ्या झालेल्या.

दगडफूल

पाटीपेन्सिलताई, रंग अजिबात नव्हता असं मी म्हटलेलं नाही. माझं म्हणणं जो रंग दाखवला जातोय त्याबद्दल आहे. दगडात खाली मुरलेला पहिला हात तेवढा सापडतो. त्यावर काय छटा होत्या, कुठे पातळ केला होता, कुठे चकाकी आणली होती, ते सगळं गेलं. आणि ही मंडळी पहिल्या हातालाच शेवटचा हात म्हणून मिरवतात. प्राक्सितेलीसने निकियासची एवढी तारीफ केली, तो काय डब्यातला सपाट रंग फासत होता?

शिवाय तुमचा तिरंदाज पार्थेनॉनच्या, म्हणजे अक्रोपोलिसवरच्या अथेना देवीच्या देवळाच्या, आधीचा आहे. पार्थेनॉनचा शिल्पकार फिडियास, त्याच्या काळात हा भडकपणा राहिला होता का, ते सांगा.

तिरपी_रेघ

राहिला होता. 2009 मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या पार्थेनॉनच्या शिल्पांवर इजिप्शियन निळा सापडला, आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर. हा रंग डोळ्यांना दिसेनासा झाला तरी विशिष्ट उजेड टाकला की अवरक्त कॅमेऱ्यात चमकतो. 2023 मध्ये त्याच शिल्पांवर आणखी बऱ्याच ठिकाणी रंगाचे अंश मिळाल्याचं प्रसिद्ध झालं.

आणि हे अंश इतके थोडे का, हेही सांगून टाकतो. 1937-38 मध्ये लॉर्ड ड्यूवीन यांच्या पैशाने नवं दालन बांधत होते. त्यांना संगमरवर पांढरा हवा होता. कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने (घासायच्या कठीण दगडाने) शिल्पांचा मधाळ वरचा थर खरवडून काढला. अडीच हजार वर्षं टिकलेला पृष्ठभाग! रंग नव्हताच म्हणणाऱ्यांनी आधी या खरवडीचा हिशेब द्यावा. आणि तेच म्युझियमवाले म्हणतात, शिल्पं आमच्याकडे सुरक्षित आहेत. ग्रीसला परत करा म्हटलं की कायदा दाखवतात.

विलायतेत_सोळा_वर्षं

आलं, अपेक्षेप्रमाणे आलं. विषय रंगाचा होता.

मी त्या दालनात तीस-चाळीस वेळा तरी गेलोय. एक पैसा तिकीट नाही. 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफांनी पार्थेनॉन उडालं तेव्हा आत तुर्कांचा दारूगोळा होता. ही शिल्पं काढून लंडनला आणणाऱ्या लॉर्ड एल्गिनचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याने जे अथेन्सला सोडलं त्याचं काय झालं ते बघा. पश्चिमेकडची शिल्पपट्टी 1993 पर्यंत तिथेच उघड्यावर धुरात झिजत होती. लंडनला नसती आली तर आयरिसचा कमरपट्टा तरी उरला असता का? ब्रिटिश सरकारने 1816 मध्ये रीतसर 35,000 पौंड मोजलेत.

तिरपी_रेघ

कुणाला मोजले? एल्गिनला! ज्याची वस्तू त्याला दमडी नाही. शेजारच्या घराला आग लागली म्हणून त्याचं देवघर माझ्याकडे आणून ठेवलं, आग विझली, घर नवं बांधून झालं, तरी देव माझ्याकडेच, असं चालतं का? 2009 पासून अक्रोपोलिसच्या पायथ्याशी नवं संग्रहालय उभं आहे. तिथे एरेक्थिऑनच्या पाच कॅरियाटिड, म्हणजे स्त्रीरूपातले खांब, उभ्या आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवलीय. सहावी लंडनला. त्या मोकळ्या जागेसमोर उभं राहून मग फुकट तिकिटाचं कौतुक सांगा.

विलायतेत_सोळा_वर्षं

मी कुठे उभं राहायचं ते तुम्ही ठरवू नका. माझी मुलगी सातवीत असताना त्या घोड्याच्या डोक्यासमोर दोन तास बसून चित्र काढत होती, चंद्राच्या रथाचा तो दमलेला घोडा, जबडा कडेवरून खाली आलेला. शेजारी घानाचा एक मुलगा, एक जपानी आजी, तेही तेच काढत होते. अथेन्सचं विमानतिकीट त्यांच्यातल्या किती जणांना परवडलं असतं? हे मोल तुमच्या हिशेबात धरायचंच नाही का?

खरवडल्याचं मात्र समर्थन करणार नाही. ते वाईटच झालं.

जुनाजाणता

दोघांनी जरा दम घ्या. लंडन-अथेन्स आपण इथे बसून सोडवणार नाही.

दगडफूल, तुमची चीड मला कळते, पण ती चुकीच्या दारात जातेय. आमच्या गावात यादवकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ आहे. सात-आठ वर्षांपूर्वी जीर्णोद्धार समितीने त्याला ऑइलपेंट दिला. खांब गुलाबी, द्वारशाखेवरच्या गंधर्वांचे चेहरे पिवळे, कीर्तिमुखाची जीभ लाल. माझी आई लहानपणी ज्या खांबाला पाठ टेकून पोथी ऐकायची, त्यावरच्या वेलीची पानं रंगाने बुजून गेली. बोट फिरवलं तर सपाट लागतं. मी सभेत बोललो तर म्हणाले, तुम्ही पुण्याला राहता, देव आमचा आहे. तेव्हापासून कुणी "मूळ रंग" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पण हे दुकानातलं ऑइलपेंट, दगडाचा श्वास कोंडणारं. ग्रीक कारागीर खनिजाची पूड मेणात किंवा चिकात कालवून लावत होता, आणि ते काम शिल्पाचाच भाग होतं. आपल्याकडे वेरूळच्या कैलासावर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही दिसतात. तेव्हा दगड नागवा ठेवायचा हा हट्ट आपलाही नव्हता.

दगडफूल

जुनाजाणता काका, तुमच्या देवळाचं वाचून वाईट वाटलं. पण मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. लोक म्युनिकचा तो फोटो बघतात आणि त्यांना समितीला दाखवायला पुरावा मिळतो, बघा, युरोपात पण रंगवतात. माझ्या डोळ्यांदेखत एकाने हा युक्तिवाद केला आहे.

पाटीपेन्सिल

तो युक्तिवाद करणाऱ्याला सांगा की म्युनिकवाल्यांनी प्रतिकृती रंगवली, मूळ नाही. हेच तर समितीला दाखवायचं.

आता मला या विषयाची एवढी कळ का येते ते लिहिते. मुंबईत जे. जे. मध्ये इंग्रजांनी ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून चित्र काढायला शिकवायची रीत आणली, ती राज्यभर झिरपली. आमच्या गावच्या छोट्या कला महाविद्यालयातही एक ठसा होता. नाक फुटलेला, डोक्यावर धूळ, कानाच्या खाचेत कोळ्याचं जाळं. दोन वर्षं मी तोच काढला. एकदा सावलीत थोडा गेरू घातला. सरांनी कागद सगळ्यांसमोर धरून सांगितलं, "हे ग्रीक आहे, जत्रेतलं खेळणं नाही," आणि आडवी काट मारली. मी एकोणीस वर्षांची होते. पुढे कित्येक वर्षं मला रंग लावताना आपण काहीतरी हलकं काम करतोय असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात फ्रासिक्लिया बघितली. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली, लग्नाआधी गेलेल्या मुलीच्या थडग्यावरची मूर्ती. चौथऱ्याचा दगड एका चर्चमध्ये कधीचा सापडला होता. मूर्ती 1972 मध्ये अथेन्सजवळच्या मेरेंडाला खड्ड्यात पुरलेली मिळाली, म्हणून रंग वाचला. चौथऱ्यावर कोरलंय की मी कायम कुमारीच म्हणवली जाईन, देवांनी लग्नाऐवजी हेच नाव माझ्या वाट्याला दिलं. शेजारी शिल्पकाराचं नाव, पारोसचा अरिस्टिऑन.

मी जवळ जाऊन वाकले. वस्त्राचा लाल विटलाय, पण आहे. त्यावरची फुलं आधी दगडात रेघेने आखून मग भरली आहेत. जिथे रंग उडालाय तिथे रेघ उरलीय. काठाला आपल्या नऊवारीच्या काठासारखी वळणावळणाची नक्षी. ती रेघ कोरणाऱ्याला ठाऊक होतं की पुढे रंग भरायचाय. रंगाच्या भरवशावरच त्याने ती उथळ ठेवली होती. मला एकदम तो गेरू आठवला आणि तिथेच रडू आलं.

म्हणून "रंगारी बनवू नका" हे वाक्य मला सहन होत नाही. रंगारी त्या शिल्पाचा बरोबरीचा धनी होता.

तिरपी_रेघ

पाटीपेन्सिलताई, +१. माझ्याकडून विषय लंडनला नेला गेला, ते चुकलं. मोकळ्या जागेबद्दल लिहिलं ते मात्र मागे घेत नाही.

विलायतेत_सोळा_वर्षं

मीही घोड्याबद्दल लिहिलेलं मागे घेत नाही. पण ताई, पुढच्या खेपेला मुलीला घेऊन अथेन्सला जाईन. फ्रासिक्लिया कुठल्या दालनात आहे तेवढं कळवा.

दगडफूल

इटलीत रियाचेच्या समुद्रात 1972 मध्येच सापडलेल्या ब्राँझच्या दोन योद्ध्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि एकाचे दात चांदीचे. ते मला नेहमीच आवडत आले आहेत, आणि तेही रंगच, हे आज तुमचं वाचताना लक्षात आलं. एवढं मान्य करतो. उथळ रेघेचा मुद्दाही मान्य. तो मी याआधी कुणाकडून ऐकला नव्हता.

तिरंदाजाच्या विजारीवर शंकरपाळ्यांची आखणी होती, हेही धरून चालू. पण तो सपाट पिवळा रंग निकियासच्या तोडीच्या माणसाने लावला असेल, हे मी मान्य करणार नाही. आणि ताई, त्या काठाचा जवळून काढलेला फोटो असेल तर टाका. रेघ बघायची आहे.